लिहून घेणारा श्रोता

बावीस वर्षं ज्यांच्याशी बोलतो आहे, त्यांच्यातल्या एकालाही आपण भेटलेलो नाही, हे मला ऑफिसातल्या मॅडमनी फॉर्मांचा गठ्ठा हातात ठेवेपर्यंत कधी खटकलं नव्हतं. मी मूळचा सांगलीकडचा. नोकरीमुळे कोकणात आलो, पण ते कोकण म्हणजे सरकारी रेडिओच्या एका प्रादेशिक केंद्रातली बिनखिडकीची खोली. तिथे बसून मी रोज दुपारी सव्वा वाजता पेण, रोहा आणि आसपासच्या लोकांसाठी धीम्या गतीच्या बातम्या वाचतो.

ज्यांनी त्या कधी ऐकल्या नाहीत, म्हणजे बहुतेक सगळ्यांनीच, त्यांच्यासाठी सांगतो. या बातम्या ऐकायच्या नसतात, उतरवून घ्यायच्या असतात. म्हणून प्रत्येक वाक्य तुकडे पाडून वाचायचं, दोनदा वाचायचं आणि विरामचिन्हंसुद्धा वाचायची. ‘तालुक्यातील, स्वल्पविराम, सर्व शेतकऱ्यांनी, पूर्णविराम.’ पूर्वी गावोगावचे छोटे पेपरवाले आणि ग्रामपंचायतीचे कारकून कागद-पेन घेऊन बसत म्हणे. आता कोण बसतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नसे. पोटापाण्याच्या गोष्टीला फार प्रश्न विचारू नयेत.

आमच्या नव्या कार्यक्रमप्रमुख मॅडमना मात्र प्रश्न विचारायची सवय आहे. त्यांनी जुनी फाइल काढली. तिच्यात माझ्या कार्यक्रमाचा उद्देश एका ओळीत होता: श्रोत्यास उतरवून घेता यावे. त्या म्हणाल्या, “पेण आणि रोहा फिरून या. लोकांना रेडिओ कसा वाटतो ते फॉर्मवर भरून आणा. आणि तुमच्या बातम्या उतरवून घेणारा एक तरी श्रोता दाखवा. एकच पुरे. नाहीतर पहिल्या तारखेपासून त्या वेळेला गाणी लावू.” अट अशी की फॉर्म भरून होईपर्यंत आपण कोण हे सांगायचं नाही, नाहीतर लोक तोंडदेखलं बोलतात.

माझ्या जागी चार दिवस एक तरुण निवेदक वाचणार होता. त्याला बजावलं, सावकाश वाच. “सावकाशच वाचतो ना सर मी, काळजीच करू नका तुम्ही,” असं तो म्हणाला, आणि हे त्यानं एका श्वासात म्हटल्यामुळे माझी काळजी तिथेच सुरू झाली. कपाळावर आठ्या आणि ओठांवर माझी भरघोस मिशी घेऊन मी निघालो. या मिशीमुळे अनोळखी गावात लोक मला साध्या वेशातला पोलीस समजतात आणि खुर्ची चटकन देतात, एवढा तिचा उपयोग.

पेण

पेणला उतरलं की गणपतीचे कारखाने शोधावे लागत नाहीत. ज्या घरात डोकवावं तिथे सोंडा वाळत असतात. माघाचे दिवस होते, पण परदेशी जाणाऱ्या मूर्ती आधी रंगवून द्याव्या लागतात, म्हणून गडबड भाद्रपदासारखीच. अशा एका कारखान्यात मी शिरलो तेव्हा बरोबर सव्वा वाजला होता आणि कोपऱ्यातल्या रेडिओवर आमचंच केंद्र लागलं होतं. त्या रेडिओवर इतके रंग सांडले होते की बटणं कुठली आणि ठिपके कुठले ते कळत नव्हतं. मला भरून आलं.

समोर रमाकांतभाऊ बसले होते. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे. बाकी रंग कुणीही देतो, डोळे फक्त त्यांनी काढायचे. पण भाऊंचा कुंचला हवेत थांबला होता. रेडिओवर माझा बदली निवेदक गाडी सुटल्यासारखा वाचत सुटला होता.

“ह्याला झालंय काय?” भाऊ रेडिओकडे बघून म्हणाले. “रोजचा म्हातारा कुठं गेला?”

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. म्हातारा हा शब्द गिळून मी फॉर्म काढला आणि विचारलं, “आपण या बातम्या ऐकता का?”

“बातम्या कोण ऐकतो वो? मला हाताला ताल लागतो. तो बाबा एक तुकडा बोलतो, तेवढ्यात खालची पापणी. परत तोच तुकडा बोलतो, वरची. पूर्णविराम म्हणला का कुंचला उचलायचा. आवाज कसा, एकदम सपाट. चढ नाय, उतार नाय. हात हलतच नाय.”

माझ्या आवाजाला सपाट म्हणणारा हा पहिला माणूस, आणि तो ते कौतुकानं म्हणत होता. राग कुणाचा करायचा? मी पुढचा प्रश्न वाचला. पण बावीस वर्षांची सवय. कागद हातात आला की मी माझ्याच चालीत वाचतो. “सदर कार्यक्रमातील, स्वल्पविराम, माहिती आपणांस, उपयुक्त वाटते का, प्रश्नचिन्ह.” भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा कुंचला मूर्तीवर टेकला होता आणि एक पापणी उमटली होती.

“परत म्हना,” ते हळूच म्हणाले.

मी परत म्हटलं. दुसरी पापणी आली. मग मी सगळा फॉर्म वाचला, सूचना वाचल्या, खाली छापलेलं ‘कृपया मागे पाहावे’ वाचलं, मागे काहीच नव्हतं म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अकरा गणपतींना दृष्टी आली तेव्हा माझा घसा बसला होता. मी कोण हे भाऊंनी विचारलं नाही. कामाशी काम ठेवणारा माणूस.

जेवायला त्यांच्याकडेच थांबवून घेतलं. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, थापताना शेजारपाजार जागा होईल अशी. इथली तांदळाची भाकरी पांढरीशुभ्र, मऊ, घडी घालून खिशात ठेवावी अशी. बरोबर खाडीतल्या जिताड्याचं कालवण. वहिनींनी तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा मी फॉर्मवर भाऊंचं मत लिहीत होतो. ‘हाताला बरे पडते’ असा रकाना नव्हता. ‘बातम्या उतरवून घेता का?’ पुढे ‘नाही’ लिहावं लागलं.

गागोदे बुद्रुक

दुसऱ्या दिवशी गागोद्याला गेलो. बाजूला डोंगर, खाली वालाची शेतं. बांधावरच्या खांबाला रेडिओ बांधलेला दुरून दिसला आणि मी जवळजवळ पळत गेलो. शेतात वानरं बसली होती. शेतमालक दत्तूमामा त्यांच्याकडे आणि ती दत्तूमामांकडे बघत होती.

“दोन दिस झाले, हलत नायत,” मामा म्हणाले. “सव्वा वाजता तो रेडिओवाला बोलायला लागला का डोंगराकडं पळायची. गानी लावून बघितली, गान्याला तर बसून ऐकतात. भजन लागलं तवा पिल्लं पाठीवर घेऊन आली. पन त्या बाबाचा आवाज त्यांना सोसत नाय.”

मी विचारलं, का सोसत नसावा. मामांनी विचार केला. “मानूस बोलतो तसा तो बोलत नाय. शब्द बोलतो नि गप बसतो. परत तोच शब्द. वानराला वाटत असेल, ह्या मानसाच्या डोक्यात काय चाललंय ते सांगता येत नाय, लांब ऱ्हावं.”

एव्हाना माझा अभिमान इतका ठेचला गेला होता की त्यात आणखी भर पडली नाही. उलट कुतूहल वाटलं. मी बांधावर उभा राहिलो, समोर तेरा वानरं होती, आणि घसा खाकरून सुरुवात केली. “हवामान, स्वल्पविराम, मुख्यतः, कोरडे राहील, पूर्णविराम.” पहिल्या स्वल्पविरामाला सगळ्यांनी माना वर केल्या. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत बारा वानरं डोंगराकडे निघाली होती. एक थोराड नर शेवटच्या पूर्णविरामापर्यंत बसून राहिला, मग उठला आणि एकदाही मागे न बघता चालत गेला. इतक्या लक्षपूर्वक माझी बातमी आजवर कुणी ऐकली असेल असं वाटत नाही.

मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. “पावनं, तुमचा आवाज अगदी त्याच्यावानी हाय.”

“घसा बसलाय,” मी म्हटलं. ते खरंही होतं.

पोपटी इकडे रात्री लावतात. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, सगळं मडक्यात भरून मडकं आगीत उपडं. माझ्यासाठी मामांनी ती भर दुपारी लावली आणि धूर बघून शेजारचे लोक आग लागली म्हणून बादल्या घेऊन आले. आले ते शेंगा खाऊन गेले. फॉर्मवर ‘कार्यक्रमामुळे आपले उत्पन्न वाढले का?’ असा प्रश्न होता. मामांनी ठणकावून ‘व्हय’ सांगितलं. ‘उतरवून घेता का?’ ला म्हणाले, “कसं घेनार? हातात गोफण असते.”

डोलवी

डोलवीला मोठा पोलादाचा कारखाना आहे आणि त्याच्या आजूबाजूला दिवस-रात्र हे शब्द शिफ्टप्रमाणे बदलतात. भर दुपारी एका चाळीत शिरलो तर अर्धी चाळ दारं लावून झोपलेली. सुप्रिया नावाच्या एका बाईनं दार उघडून ओठांवर बोट ठेवलं. तिचा नवरा संदेश ठेकेदाराकडे कामाला. रात्रपाळी करून आला होता, पण दोन दिवस झोपला नव्हता.

“रोज त्या बातम्या लागल्या का पाचव्या मिन्टाला घोरतात,” ती म्हणाली. “दोन दिवस झाले, कोन नवीन वाचतो. हे टक्क जागे. मग रात्री शिफ्टला डुलक्या. मशीनवर काम, काय झालं तर? मला तर काम सुचत नाय.”

शेजारच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली, “गो सुप्रिया, त्याला म्हनावं रेडिओत तक्रार कर.”

हे गंमतीचं नव्हतं. डोळे तांबारलेला तो तिशीतला मुलगा समोर येऊन बसला, तेव्हा मला स्वतःचीच चीड आली की मी फिरायला का निघालो. पाठ टेकून बसा, मी म्हटलं, आणि फॉर्म वाचायला लागलो. तिसऱ्या प्रश्नाच्या दुसऱ्या स्वल्पविरामाला त्याची मान कलली. सुप्रियानं मला वाचत राहण्याची खूण केली आणि त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली. वाचताना मध्ये एकदा मीही पेंगलो. जाताना तिनं आवाज न करता चहा दिला. माझा फॉर्म अर्धवट राहिला. झोपलेला माणूस उतरवून काय घेणार?

रात्री लॉजवर हिशेब जुळवायला काही नव्हतंच. तीन दिवसांत मी डोळे काढले, वानरं पळवली आणि एका माणसाला झोपवलं. बातमी मात्र कुणापर्यंतही पोचलेली नव्हती. पहिली तारीख आठ दिवसांवर होती, आणि मॅडमचं काही चुकतंय असं मला आता म्हणता येईना.

खांबजवळ

चौथ्या दिवशी महामार्गानं खाली खांब नावाच्या थांब्यावर उतरलो. या महामार्गाबद्दल मी बावीस वर्षं बातम्या वाचल्या आहेत, म्हणून तो मला चांगला ओळखीचा वाटत होता. प्रत्यक्षात त्याची आणि माझ्या बातम्यांची कुठेच गाठ पडत नव्हती. खांबहून आत थोडं चाललं की एक लहान गाव लागतं. गावाच्या तोंडाशी भिंतीला काळा फळा होता. त्यावर खडूनं, मुख्याध्यापिकेला शोभेल अशा अक्षरात लिहिलं होतं: ‘आजच्या बातम्या. रोहा तालुक्यातील, पुढचे वाक्य निसटले. कोलाड परिसरात उद्या, हेही निसटले. वाचक घाईत आहे. क्षमस्व.’

मी तिथेच रस्त्यात उभा राहिलो. निसटले म्हणजे कुणीतरी धरायला बसलं होतं.

फळ्यापुढे एक बाई उभी होती, डोक्यावर दळणाचा डबा. वरच्या वाडीवरची, बेबी नाव तिचं. तिनं मला पोलीस समजून सांगून टाकलं, “काल पन असंच अर्धं होतं. वीज जानार ते लिवलंच नाय. मी दोन तास चालून गिरनीवर गेले तर गिरनी बंद. मजुरी पन बुडली. रोज सगळं असतं ह्या फळ्यावर. आम्ही सगळी वाचतो.”

“तुम्ही रेडिओ ऐकता?” मी फॉर्म काढत विचारलं.

“रेडिओ कशाला? फळा हाय ना.”

तिनं दाखवलेल्या घराच्या ओट्यावर एक जोडपं बसलं होतं. तात्या एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मांडीवर ट्रान्झिस्टर. शेजारी बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, गावच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं आणि तात्याही तेच म्हणतात. मी नमस्कार करून बोलायला लागलो तर बाईंनी तात्यांकडे पाहिलं. तात्या माझं वाक्य ओठांनी पुन्हा म्हणाले, आवाज न काढता. मग बाईंनी मला उत्तर दिलं.

बाईंना सहा वर्षांपूर्वी ऐकू येईनासं झालं. तात्यांच्या हाताला त्याआधीच कंप सुटला होता. खडू धरला तर फळ्यावर नागमोडी रेघ. बाईंना ओठ वाचता येतात, पण सावकाश बोललं तरच, आणि जगात एवढं सावकाश कोण बोलतं? सव्वा वाजता रेडिओवरचा माणूस एक तुकडा म्हणतो. तात्या तो ऐकतात. माणूस तोच तुकडा दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत तात्या बाईंकडे तोंड करून ओठांनी म्हणतात. बाई वहीत उतरवतात, मग जाऊन फळ्यावर लिहितात. सहा वर्षं, एक दिवस चुकलेला नाही. दोनदा वाचायचा नियम कुणी आणि का केला ते आमच्या केंद्रात आता कुणालाच माहीत नाही. त्या ओट्यावर मला तो नियम पहिल्यांदा पटला.

मला फॉर्म कधी भरतो असं झालं. उतरवून घेणारा श्रोता सापडला होता. पण बाईंनी चष्मा लावून फॉर्म वाचला आणि पेन खाली ठेवलं.

“प्रश्न एक, आपण हा कार्यक्रम ऐकता का. मी ऐकत नाही. मला ऐकूच येत नाही.”

“मग तात्या भरतील,” मी म्हटलं.

“प्रश्न दोन, उतरवून घेता का. हे घेत नाहीत. मी घेते.”

“बाई, नुसती खूण करायची आहे. कोण बघतंय?”

तात्यांनी हे वाक्य ओठांवर घेतलं नाही, पण बाईंनी माझ्या चेहऱ्यावरून ते ओळखलं असावं. पस्तीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडलेली नजर होती ती. “खोटं लिहायचं नाही,” त्या म्हणाल्या. विषय संपला. ऐकणारा लिहीत नव्हता, लिहिणारी ऐकत नव्हती, आणि फॉर्म एका माणसाचा होता. माझा कार्यक्रम त्या दोघांच्या मधल्या दीड फुटात अडकला होता. मी हताश होऊन ओट्यावर बसलो. बाईंनी आत जाऊन पोहे केले. सांगलीत अशा प्रसंगी चहा करतात. इथे माणूस फारच गळाठलेला दिसला तर खायला करतात असं दिसलं.

पोहे खाता खाता तात्या म्हणाले, “बाई, पूजेला बसतो तसं बसू या.”

सत्यनारायणाच्या पूजेत नवरा पळीनं पाणी सोडतो आणि बायको त्याच्या हाताला बोटं लावून बसते, म्हणजे ते पाणी दोघांनी सोडलं असं होतं. हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. त्यात सोय आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. बाईंनी क्षणभर विचार केला. नियमात बसत होतं. त्यांनी पेन उचललं, तात्यांनी आपली थरथरती बोटं त्यांच्या कोपराला लावली. इथे लिहिणारी बायको आणि हात लावणारा नवरा, एवढाच फरक. नाव: तात्या व बाई. वय: दोघांची बेरीज भागिले दोन, बाईंनी समासात गणित करून दाखवलं. स्त्री की पुरुष, दोन्हींवर खूण. ऐकता का, होय. उतरवून घेता का, होय. कोपराला लावलेल्या हातामुळे सगळी अक्षरं जराशी हलली होती, आणि फळ्यावरच्या त्या अक्षरापेक्षा मला ती जास्त आवडली.

फॉर्म भरून झाला होता. आता सांगायला हरकत नव्हती. मी ओट्यावर ताठ बसलो आणि म्हटलं, “नमस्कार, स्वल्पविराम, धीम्या गतीच्या, बातम्या देत आहे, पूर्णविराम.”

तात्यांच्या मांडीवरचा ट्रान्झिस्टर खाली पडला. त्यांनी तो उचलला, माझ्याकडे बघितलं, मग बंद असलेल्या ट्रान्झिस्टरकडे. “बाई,” ते म्हणाले, “हेच ते.” आणि मग बराच वेळ माझा हात धरून बसले.

केंद्रातून त्या दिवसाच्या बातम्या मोबाइलवर मागवल्या आणि आम्ही तिघं फळ्यापाशी गेलो. बेबी डबा खाली ठेवून थांबली, आणखी चारजण जमले. बाईंनी वही बाजूला ठेवली, खडू घेतला, आणि थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी वाचलं. “कोलाड परिसरात, उद्या सकाळपासून, वीजपुरवठा, बंद राहील, पूर्णविराम.” त्या वळून लिहू लागल्या. मला धन्य वाटलं. सहा वर्षांनी बाई मधल्या माणसाशिवाय बातमी घेत होत्या, आणि तीही माझ्या तोंडून.

तेवढ्यात तात्या दिसले. ते बाजूला उभे होते. ओठ सवयीनं हलले होते, पण बाईंचं लक्ष माझ्याकडे आहे हे बघून अर्ध्यातच थांबले. थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हातात धरला आणि फळ्याऐवजी रस्त्याकडे बघायला लागले. काम सुटलेला माणूस मी ओळखतो. मॅडमना फॉर्म पटला नाही तर मी स्वतः आठवड्यानं तसाच दिसणार होतो.

बाईंनी वाक्य पुरं करून मागे पाहिलं. तात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खडू खाली केला.

“तुमचं नाही कळत मला,” त्या म्हणाल्या. “मिशी फार आहे. वरचा ओठ दिसत नाही. अहो, तुम्हीच सांगा.”

तात्या पुढे आले. “मिशीचं मी मघाशीच बोलनार होतो,” ते म्हणाले आणि कंडक्टरच्या ऐटीत फळ्याशी उभे राहिले. मी वाचत गेलो, ते ओठांनी म्हणत गेले, बाई लिहीत गेल्या. बेबीनं उद्या दळायचं की परवा ते ठरवलं आणि डबा उचलून वाडीकडे निघाली. मी मात्र फळ्याच्या पहिल्या ओळीकडे बघत होतो. माझ्या तोंडावरून घेतलेली, मिशीआडून आलेली ती ओळ होती. एकही शब्द चुकला नव्हता. पूर्णविरामसुद्धा जागेवर होता. खोटं लिहायचं नाही म्हणणाऱ्या बाई खोटं बोलल्या होत्या, आणि तेही भर चौकात.

रोहा

परतीची गाडी रोह्याहून होती. वेळ होता म्हणून स्टेशनजवळच्या टपरीवर वडापाव घेतला आणि उरलेले वीस फॉर्म बाहेर काढले. टपरीवाल्यानं विचारलं, “काय लिवलं तर तुमचं काम होईल?” मी भाबडेपणानं सांगितलं. त्यानं गिऱ्हाइकांना हाक दिली. दहा मिनिटांत वीस फॉर्म भरले. वीसही जण रेडिओ ऐकत होते, रोज उतरवून घेत होते, अत्यंत समाधानी होते. एकानं ‘वाचकाचा आवाज गोड आहे’ असंही लिहिलं. हा एकमेव अभिप्राय मला खोटा ठरवायला जड गेला. पाहुण्याचं काम अडू द्यायचं नाही, एवढाच त्यांचा हेतू. त्यातल्या एकाच्याही घरी रेडिओ नव्हता.

माझ्या पिशवीत आता ‘उतरवून घेतो’ म्हणणारे वीस नीटनेटके फॉर्म होते आणि एक हललेल्या अक्षरांचा, दोन नावांचा. वीस दाखवले असते तर मॅडमनी काही विचारलं नसतं. गाडीची घंटा झाली तेव्हा मी ते वीस टपरीवाल्याला परत दिले. तो समजूतदार होता. त्यानं त्यातल्या पहिल्यात लगेच भजी बांधली.

पुन्हा केंद्रात

मॅडमनी भाऊंचा फॉर्म वाचला, मामांचा वाचला, संदेशचा अर्धवट वाचला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग खांबचा हातात घेतला आणि नावाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“हा श्रोता एक आहे की दोन?”

मी उत्तर पाठ करून गेलो होतो, पण तोंड उघडलं आणि घाबरून नेहमीच्या चालीत शिरलो. “एक जण, स्वल्पविराम, ऐकतो, अर्धविराम.” मॅडमनी पेन उचललं. “एक जण, स्वल्पविराम, लिहितो, पूर्णविराम.” मी नियमाप्रमाणे ते दुसऱ्यांदा म्हटलं, मग पुढचं. “दोघे मिळून, गावाला, कळवतात, पूर्णविराम.” तेही दोनदा म्हटलं आणि थांबलो.

मॅडमचं पेन कागदावर होतं. समोरच्या पॅडवर, त्यांच्या गोल अक्षरात, तिन्ही तुकडे उतरले होते. अर्धविरामसुद्धा होता. त्यांनी लिहिलेलं वाचलं, पेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी पॅडवरचा तो कागद फाडून घडी घातली आणि फाइलमध्ये ठेवला.

“सोमवारपासून वेळेवर या,” त्या म्हणाल्या. “त्या मुलाला परत बसवू नका. फार घाई करतो.”

तेव्हापासून सव्वा वाजता त्या खोलीत बसलो की मला खिडकी नसल्याचं जाणवत नाही. पूर्णविराम म्हणताना एक कुंचला उचलला जातो, वानरं माना वर करतात, डोलवीत कुणीतरी कूस बदलतं. पहिलं वाचन तात्यांसाठी, दुसरं होईपर्यंत ते बाईंचं. बायकोला ही सगळी हकीकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, मग मिशी काढून टाका ना एकदाची, त्यांना बरं पडेल.

काढली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा खांबला जायचं आहे. मिशी नसली तर बाईंना दुसरं कारण शोधावं लागेल.